घरी केलेल्या जुन्या डेमोचं पूर्ण गाणं करताना: जुना आवाज ठेवावा की पुन्हा गावं?

खर्ज_साधना

गेले आठ महिने जुन्या कॅसेटी घेऊन बसलोय. 1996 ते 2003 या काळात खोलीचं दार लावून, एक माइक आणि चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर (चार आवाज वेगवेगळे भरता येणारा) एवढ्यावर केलेले डेमो, म्हणजे कच्ची रेकॉर्डिंग. तीसेक तुकडे आहेत, त्यातली 11 गाणी पूर्ण करायची ठरवली आहेत.

या कामात माझं एक मत पक्कं झालंय. वादाचं आहे, म्हणूनच इथे मांडतो. डेमोतला आवाज लागलेला असेल, तर तो पुन्हा गाऊ नये. गिटार पुन्हा वाजवा, बेस घाला, ड्रम घाला, पण आवाज तोच राहू द्या.

एका गाण्याचा मुखडा मी नव्यानं गाऊन पाहिला. चार संध्याकाळी, चांगल्या माइकवर, सोळा-सतरा टेक (म्हणजे तितक्या वेळा गाऊन रेकॉर्ड केलं). सूर जुन्यापेक्षा नेमका, शब्द स्वच्छ. पण जुन्या टेपवर दुसऱ्या ओळीच्या आधी मी किंचित थांबलोय. ती ओळ तेव्हा नुकती सुचली होती, पुढे कुठे जाणार हे गाणाऱ्यालाच माहीत नव्हतं. आता मला ते माहीत आहे, आणि ते माहीत असणं प्रत्येक टेकमध्ये ऐकू येतं. मुद्दाम थांबलो तर थांबल्याचं नाटक होतं.

मग उलटं केलं. नवी वाद्यं जुन्या आवाजाला जुळवली. टेप वेगात चालली होती, त्यामुळे सूर दोन पट्ट्यांच्या मधे अडकला होता. गिटार त्याच सुराला लावली. लय सुरुवातीला मिनिटाला 92 ठोके, शेवटी 97. ड्रम वाजवणाऱ्या मित्राला क्लिक (कानात वाजणारा ठरावीक लयीचा टिकटिकाट) दिलाच नाही, माझा जुना आवाज त्याच्या कानात दिला. दोन दिवस गेले, पण गाणं उभं राहिलं.

एक अडचण उरली आहे. दुसऱ्या अंतऱ्याचे शब्द तेव्हा लिहिलेच नव्हते, तिथे नुसतं ‘ना ना’ करत चाल गुणगुणलोय. तेही तसंच ठेवावं असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

ताल_मात्रा

पूर्ण असहमत.

डेमो हा कच्चा खर्डा असतो. तुम्ही त्याला मूर्ती समजून त्याच्याभोवती देऊळ बांधताय. गाणं म्हणजे शब्द आणि चाल, एका संध्याकाळी टेपवर उमटलेला ठसा नव्हे. गाणं चांगलं असेल तर ते आजच्या गळ्यातूनही चांगलंच वाटेल. नसेल वाटत, तर गाण्यातच काही कमी आहे का हे आधी तपासायला हवं.

दुसरं, तुमचा कान आता निवाडा करण्याच्या अवस्थेत नाही. तो डेमो तुम्ही किती शे वेळा ऐकलाय? इतक्या वेळा ऐकलेल्या गोष्टीतली चूकसुद्धा कानाला घरची वाटू लागते. मी स्वतः यात अडकलो होतो. डेमोत एक सूर खाली लागला होता, नव्या टेकमध्ये तो नीट लागला तर तोच मला खटकायचा. ज्यांनी डेमो ऐकलाच नव्हता, त्या सगळ्यांनी नवा टेक निवडला. ऐकणाऱ्याला तुमचं 1998 ठाऊक नाही. त्याच्या कानावर गाणं पहिल्यांदाच पडणार आहे.

आणि सोळा टेक फसले म्हणजे आवाज पुन्हा गाता येत नाही, असं कसं ठरतं? तुम्ही जुन्या पट्टीत, जुन्या लयीत, जुन्या थांबण्याची नक्कल करत गायलात. पट्टी उतरवा, आज जिथे श्वास लागतो तिथे घ्या, मग बोलू.

रीळ_आणि_हेड

मी रेकॉर्डिंगच्या कामात आहे, जुन्या टेपा उतरवून देतो. तुमचा वाद चालू द्या, पण त्याच्या आधीची एक पायरी इथे सुटतेय. टेप नीट उतरवली आहे का? पुष्कळदा माणसं ज्याला ‘जुन्या आवाजाचा पोत’ म्हणतात, तो पोत नसून चुकीच्या डेकवर वाजवल्याचा परिणाम असतो.

चार ट्रॅकच्या कॅसेटमध्ये चारही ट्रॅक एकाच दिशेनं लिहिलेले असतात. साध्या स्टिरिओ डेकवर त्यातले दोन सरळ ऐकू येतात, कॅसेट उलटली की उरलेले दोन उलटे. शिवाय 1979 मध्ये आलेल्या टीॲकच्या पहिल्या पोर्टास्टुडिओपासून अशी बरीच यंत्रं कॅसेट दुप्पट वेगानं चालवत, सेकंदाला 4.76 ऐवजी 9.5 सेंटिमीटर. अशी टेप साध्या डेकवर लावली तर गाणं अर्ध्या वेगानं वाजतं. काही जण दोन फेऱ्यांत उतरवून, एक फेरी उलटवून, संगणकावर जुळवतात. पण दोन्ही फेऱ्यांत वेग तंतोतंत सारखा राहत नाही, मिनिटाभरात आवाज आणि गिटार एकमेकांपासून सरकतात. मूळ जातीचं यंत्र मिळत असेल तर तेच शोधा.

हेडचा (टेप वाचणाऱ्या भागाचा) कोन कानानं लावून घ्या, ट्रेबल, म्हणजे आवाजाचा वरचा भाग, सगळ्यात भरलेला वाटेल तिथे. कोन किंचित चुकला तरी आवाजावर पांघरूण पडतं आणि मग आपण उगाच इक्वलायझरनं ट्रेबल चढवत बसतो. रेकॉर्ड करताना डॉल्बी किंवा डीबीएक्स (टेपची खरखर कमी करणाऱ्या यंत्रणा) चालू होतं का, तेही तपासा. डीबीएक्सची टेप त्या यंत्रणेशिवाय वाजवली तर आवाज दबल्यासारखा आणि फुगत-आटत राहणारा येतो.

विजेची घरघर काढणं सोपं. देशानुसार 50 किंवा 60 हर्ट्झ आणि त्यांच्या पटी, तेवढ्यावर बारीक छेद द्यायचा. हिस, म्हणजे टेपची सततची ‘स्स्स’, मात्र पूर्ण काढू नका. हिसबरोबर ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात, श्वास नाहीसा होतो, मग गाणारा माणूस राहत नाही. ड्रम आणि बेस आले की निम्मी हिस झाकली जातेच.

वेगाचं गणित असं: 6 टक्क्यांना जवळजवळ एक अख्खी पट्टी, 3 टक्क्यांना अर्धी. टेपवर सुरुवातीला लावलेला एखादा ठरलेला सूर सापडला, तर मूळ वेग परत मिळतो. खर्ज_साधना, टेप वेगात चालली की आवाज पातळ होतो; तुमचा आवाज कदाचित तेव्हा इतका पातळ नसेलही.

लय बदलते म्हणून आवाज कापून ग्रिडवर (संगणकातल्या ठोक्यांच्या समान रेघांवर) बसवू नका. उलट प्रत्येक आवर्तनाची सुरुवात खुणावून घ्या आणि ग्रिड आवाजाप्रमाणे वाकवा.

दुसरी_पट्टी

इथे सगळे ‘माझा जुना आवाज’ म्हणून बोलताहेत. टेपवर दुसऱ्याचा आवाज असेल तर?

वीसेक वर्षांपूर्वी एका मित्राच्या खोलीत मी त्याच्या दोन गाण्यांत मागचा आवाज दिला होता. त्या दिवशी घसा बसला होता. नुसतं करून बघू, पुढे नीट करू, असं ठरलं होतं. तीन वर्षांपूर्वी त्यानं ते गाणं पूर्ण करून प्रसिद्ध केलं. मला एका तिसऱ्याच व्यक्तीकडून कळलं. माझं नाव होतं, आभार होते, विचारणा नव्हती. तो बसलेला घसा आता लोकांच्या कानात कायमचा माझा आवाज आहे. त्याचं म्हणणं, ‘तेच तर सुंदर आहे.’ असेल त्याला. पण सुंदर आहे की नाही हे ठरवताना मी तिथे असायला हवं होतं.

गायक-वादकाचा आपल्या सादरीकरणावरचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या हक्काहून वेगळा असतो. 1961 च्या रोम करारापासून तो आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी एक फोन करायला काय हरकत होती?

बीटल्स या बँडच्या जॉन लेननच्या कॅसेटचं उदाहरण इथे कोणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगते. सत्तरच्या दशकात त्यानं घरी पियानोवर केलेल्या डेमोतून आवाज वेगळा काढून बीटल्सचं शेवटचं गाणं 2023 साली आलं. त्याच डेमोवर 1995 मध्ये काम सुरू झालं होतं आणि टेपच्या अवस्थेमुळे थांबलं होतं. ते सोडून द्यावं असं म्हणणारा बीटल्समधलाच जॉर्ज हॅरिसन 2023 मध्ये हयात नव्हता. दोघांच्या कुटुंबीयांनी संमती दिली, हे खरं आणि ते योग्यच झालं. तरी ज्याचा आवाज आहे तो आणि ज्यानं नको म्हटलं तो, दोघंही बोलायला उरले नव्हते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

खर्ज_साधना

दुसरी_पट्टी, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री यादी पुन्हा काढली. 11 पैकी तीन गाण्यांत माझ्याखेरीज कोणीतरी आहे. दोघांना आज सकाळी गाणी पाठवली. तिसरा मित्र आता नाही. त्याच्या बहिणीला पाठवण्याआधी फोन करणार आहे. अचानक त्याचा आवाज तिच्या कानावर पडावा असं मला वाटत नाही. हे मी आठ महिन्यांपूर्वीच करायला हवं होतं.

ताल_मात्रा, तुमचं मला अजून पटत नाही. गाणं म्हणजे फक्त शब्द आणि चाल असेल, तर अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ‘नेब्रास्का’ या अल्बमचं काय? जानेवारी 1982 मध्ये घरी चार ट्रॅकच्या कॅसेटवर केलेले डेमो, नंतर बँडबरोबर तीच गाणी करून पाहिली आणि शेवटी कॅसेटच प्रसिद्ध केली.

ताल_मात्रा

त्या कॅसेटची अर्धीच गोष्ट नेहमी सांगितली जाते. ‘बॉर्न इन द यूएसए’ हे गाणंही त्याच घरगुती रेकॉर्डिंगमधलं आहे. ते त्याच वर्षी बँडबरोबर पुन्हा केलं, आणि 1984 मध्ये जगानं ऐकलं ते बँडचं. म्हणजे त्यानं डेमो पवित्र मानला नाही. बरीच गाणी दोन्ही प्रकारे करून पाहिली आणि काही इकडे, काही तिकडे ठेवली. तेही काही महिन्यांच्या आत, गाणी ताजी असताना. तुम्ही पंचवीस वर्षांनी, एका गाण्यावर चार संध्याकाळी घालवून सगळ्या 11 गाण्यांचा नियम करताय.

आणि ‘ना ना’ तर अजिबात ठेवू नका. शब्द सुचले नाहीत म्हणून भरलेली जागा आहे ती. पंचवीस वर्षं तो अंतरा तुमची वाट बघतोय. आधी लिहा.

अपूर्णविराम

मी दोघांच्याही विरुद्ध. पूर्ण करायचंच कशाला? गायिका पीजे हार्वेनं 1993 मध्ये अल्बम काढला आणि त्याच वर्षी त्यातल्या बऱ्याच गाण्यांचे चार ट्रॅकवरचे डेमोही वेगळे प्रसिद्ध केले. ‘द हू’ या बँडच्या पीट टाउनशेंडनं 1983 पासून घरचे डेमो जसेच्या तसे बाहेर आणले. जुन्या आवाजामागे आजचे ड्रम घातले की मला तरी एक माणूस रिकाम्या खोलीत गातोय आणि भिंतीपलीकडे बँड वाजतोय असंच ऐकू येतं. आवाजात ती खोली असते, ड्रममध्ये नसते. एकतर डेमो द्या, नाहीतर नवं गाणं करा.

रीळ_आणि_हेड

भिंतीपलीकडचा बँड होतो खरा, पण त्यावर इलाज आहे. नवी गिटारही तशाच छोट्या खोलीत, एकाच माइकनं, थोडी लांबून घ्या. ड्रमचा वरचा चकचकीतपणा काढा. आवाज बँडच्या दर्जाला आणायला जाऊ नका, बँडला आवाजाच्या खोलीत आणा. वाद्यं कमी ठेवा. दोन असतील तर जमतं, आठ असतील तर अपूर्णविराम म्हणतात तेच होतं.

खर्ज_साधना

आठवड्यानं परत आलो. ताल_मात्रांनी सांगितलेलं करून पाहिलं.

पट्टी दोननं उतरवली, जुना डेमो सात दिवस ऐकला नाही, लय थोडी सैल ठेवली. चार गाणी नव्यानं गायलो. दोन गाणी नव्या आवाजातच ठेवतोय. त्यांत एक माणूस मागे वळून बघतोय, आणि बाविसाव्या वर्षी मी ते नुसतंच गायलो होतो. उरलेल्या दोन्हींत जुना आवाजच राहणार. तिथे घाई आहे, आणि ती घाई आता माझ्याकडे नाही.

‘ना ना’च्या जागी शब्द लिहिले. तीन रात्री लागल्या. पहिला अंतरा जुन्या आवाजात, दुसरा आजच्या, शेवटचा मुखडा दोन्ही आवाजांत. मूळ वेग शोधल्यावर जुना आवाज खरंच भरदार निघाला, रीळ_आणि_हेड यांचे मनापासून आभार. मित्राच्या बहिणीनं ‘पाठव, पण मी कधी ऐकेन ते विचारू नकोस’ असं सांगितलं. तिचं उत्तर येईपर्यंत ते गाणं बाजूला ठेवलंय.

ज्यांनी मागितलं त्यांना कच्चं मिक्स पाठवलंय.

ताल_मात्रा

ऐकलं. दुसरा अंतरा या गाण्यातला सगळ्यात चांगला भाग आहे, आणि म्हणूनच पहिलाही आजच्या आवाजात हवा असं मी अजून म्हणेन. दोन अंतऱ्यांच्या मधला जोड मला ऐकू येतो. शेवटच्या मुखड्यात जुना आवाज किंचित चढा आहे. नवा तिथे थोडा मागे ठेवा, सुरानं ओढू नका.

दुसरी_पट्टी

मलाही जोड ऐकू आला. मी तो काढणार नाही. त्या मित्राचं गाणं तिनं ऐकलं की इथे कळवा.