प्रतिसाद: उतारावर लागणारा ब्रेकचा लाल दिवा

गायमुखच्या उतारावर वळताना दिवा लागतो आणि सपाट रस्त्यावर विझतो, असं तुम्ही लिहिलंय. वर एकांनी थेट एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सर बदलायला सांगितलंय. कृपया एवढ्यात खर्च करू नका. एबीएसचा दिवा पिवळा असतो, वेगळा. तुमचा लाल आहे.

उतारावर किंवा वळणावर ब्रेक ऑइल एका बाजूला सरकतं, त्याच्या छोट्या टाकीतला फ्लोट (पातळी दाखवणारा तरंगता सेन्सर) खाली जातो आणि दिवा लागतो. म्हणजे पातळी टाकीवरच्या 'मिन' (किमान) खुणेच्या आसपास असणार. पण नुसतं ऑइल ओतून मोकळे होऊ नका! ब्रेकचे पॅड झिजले की त्यांना दाबणारे पिस्टन पुढे येतात, त्यांच्यामागची जागा ऑइल भरून काढतं आणि टाकीतली पातळी आपोआप उतरते. आधी पॅड बघा. ते जाड असतील तर गळती शोधा. मागच्या चाकांचे ब्रेक-ड्रम आतून ओले आहेत का, हे ड्रम काढूनच कळतं. माझ्या जुन्या गाडीत तिथेच गळत होतं आणि मी दोन महिने वरून ऑइल भरत राहिलो. आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

पातळी ठीक असेल तर गाडी उभी करून, दिवा लागलेला असताना टाकीवरच्या सेन्सरचा प्लग काढा. बऱ्याच जुन्या गाड्यांत दिवा विझला तर दोष फ्लोटचा, तसाच राहिला तर हाच दिवा लावणारा हँडब्रेकचा स्विच तपासा. पावसाळ्यानंतर आपल्याकडे कनेक्टरला हिरवा गंज धरतोच.

पेडल मऊ लागत असेल किंवा दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल, तर गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.