दुजियांगयान राहिलंच की!

चीनमधल्या भारी गोष्टींच्या चर्चेत भिंत, पांडा, बुलेट ट्रेन सगळं येऊन गेलं, पण दुजियांगयान या प्राचीन सिंचन योजनेचं नाव कोणीच कसं नाही घेतलं? सिचुआन प्रांतात छंदू शहराजवळ मिन नदीवर इ.स.पू. २५६ च्या सुमारास ली बिंग नावाच्या सुभेदाराने हे काम काढलं आणि गंमत म्हणजे धरण बांधलंच नाही. नदीच्या मधोमध माशाच्या तोंडासारखा बांध घालून प्रवाहच दोन केले, आतला खोल अन् अरुंद, बाहेरचा उथळ अन् रुंद, त्यामुळे पाणी कमी असलं की जास्त वाटा आत शेतीकडे आणि पूर आला की जास्त पाणी आपोआप बाहेरून निघून जातं, मूळ कामात दार नव्हतं की मोटर नव्हती. बांध कसला, तर बांबूच्या लांब टोपल्यांत दगडगोटे भरलेले! आतलं पाणी शेतीकडे न्यायला डोंगर फोडावा लागला, पण सुरुंगाची दारू तेव्हा नव्हतीच, म्हणून खडक तापवायचा नि गार पाणी ओतून तडकवायचा असं सांगतात. आता काँक्रीट वगैरे आलंय, वरच्या अंगाला मोठं धरणही झालंय, तरी मूळ रचना तीच आणि छंदूच्या मैदानातली शेती अजून त्याच पाण्यावर. मला तरी भिंतीपेक्षा हेच भारी वाटतं, भिंत ओलांडून मंगोल आणि मांचू आलेच की.