निस्सान वन टनचं सहा सिलिंडर इंजिन, कमी पैशात ऑफरोड रेससाठी तयार करायचंय, आधी खर्च कशावर?

लालमाती_कळंबा

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचाच. मिलिटरीच्या लिलावातनं सुटलेल्या निस्सान वन टन ट्रकचं पेट्रोल इंजिन मिळालंय, लष्कराच्या जोंगा जीपला असायचं तेच, सरळ सहा सिलिंडर, ३९५६ सीसी. क्रँक हातानं फिरतोय, जाम नाही, पण किती वर्षं पडून होतं ते विकणाऱ्यालाबी माहीत नाही. जुन्या जीपच्या चेसिसवर बसवून हौशी लोकांच्या ऑफरोड रेसला उतरायचं डोक्यात आहे, चिखल, दगडी चढ, ओढ्याचं पाणी असलं सगळं, आणि जमलं तर एखादा पावसाळा गोव्याला आरएफसी (रेनफॉरेस्ट चॅलेंज) रेससाठी. इंजिनासाठी दीड लाखाच्या वर जाता येणार नाही.

आता ग्रुपवर प्रत्येकजण वेगळं सांगतोय. एक म्हणतो हेड घासून कॉम्प्रेशन वाढव, एक म्हणतो कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) बदल आणि दोन कार्ब (कार्ब्युरेटर) लाव, तिसरा म्हणतो हे सगळं सोड आणि टाटाचं ६९७ डिझेल टाक. मला पेट्रोल सिक्सच करायचंय, ती गुळगुळीत ओढ दुसऱ्या कशात नाही. पण पैसे मर्यादित आहेत, तर सुरुवात कुठनं करू?

उद्यमनगरचा_फिटर

भावा, कॅम न् कार्ब नंतर बघू, आधी इंजिन पूर्ण खोल आणि मोजून घे. शिवाजी उद्यमनगरात बोरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग सगळं एका पट्ट्यात होतंय, तुझ्यासारखं नशीब बाकीच्या गावातल्या पोरांना नाय.

ब्लॉक आधी केमिकलच्या टाकीत धुवून घे. बाजूचे पत्र्याचे गोल वॉटर प्लग सगळे काढायला लाव, कारण मिलिटरीची गाडी उभी राहिली की पाण्याच्या जागेत गंजाचा गाळ बसतो आणि तो जास्त करून मागच्या दोन सिलिंडरच्या भोवती. पाण्याचा पंप पुढं, त्यामुळं पाचवा-सहावा तसाबी गरम राहतोय, त्यात गाळ असला की चढावर हेड गॅस्केट तिथंच जाणार. धुतल्यावर क्रॅक टेस्ट. ही झाल्याशिवाय पुढचा एक रुपया लावू नको, ब्लॉक फुटका निघाला तर वरची सगळी मजुरी पाण्यात.

मग बोअर गेजनं प्रत्येक सिलिंडर वर, मधी, खाली आणि दोन्ही दिशांनी मोज. झीज थोडी असंल तर नुसतं होनिंग आणि नवीन रिंगा. जास्त असंल तर २० किंवा ३० थाऊ (इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाईज, पण आधी पिस्टन हातात घे आणि मगच बोअर मार. या इंजिनाचे पिस्टन रोज दुकानात मिळत नाहीत, जबलपूर नाहीतर दिल्लीच्या मायापुरीकडनं शोधावे लागतात. ओव्हरसाईज पिस्टन नाहीच मिळाले तर लाईनर टाकून स्टँडर्डला आणता येतंय, लाईनरचं कास्टिंग शिरोली-गोकुळ शिरगाव पट्ट्यात करून देणारे आहेत.

क्रँक ग्राइंड करायला लागला तर जर्नलच्या (बेअरिंगमधी फिरणाऱ्या भागाच्या) कोपऱ्यातली गोलाई तशीच राखायला सांग. धारदार कोपरा सोडला की लांब क्रँक तिथनंच तुटतोय. बेअरिंगचा क्लिअरन्स दर इंच व्यासाला एक थाऊ, थोडा ढिला चालंल, घट्ट नको.

सांगलीचा_डिझेलवाला

६९७ ची बाजू मी मांडतो. ९७ बोअर, १२८ स्ट्रोक, ५६७५ सीसी, मर्सिडीजच्या ओएम३५२ चं जे माप तेच याचं. पार्ट कुठल्याबी ट्रक मार्केटला मिळतात, पाण्यात डिस्ट्रिब्युटर भिजायचं टेन्शन नाही, चढावर कार्ब ओव्हरफ्लो व्हायचा प्रश्न नाही. दीड लाखात चालू इंजिन पंपासकट होईल.

उद्यमनगरचा_फिटर

पार्टचं बरोबर आहे तुमचं. पण जीपच्या चेसिसवर ते धूड पुढच्या ॲक्सलवर बसलं की नाक चिखलात रुतणार, स्प्रिंगा, माउंटिंग, गिअरबॉक्स सगळं बदलायला लागणार आणि तो खर्च इंजिनाच्या हिशोबात कुणीच धरत नाही. ट्रकच्या चेसिसवर असता तर मीबी हेच सांगितलं असतं.

पिंपरी_मेकॅनिकल

माझं रोजचं काम इंजिन टेस्टिंगचं आहे म्हणून आकडे देतो, यावरून निर्णय सोपा होईल.

या इंजिनाचा बोअर ८५.७ मिमी आणि स्ट्रोक ११४.३ मिमी. म्हणजे बारीक नळी आणि लांब फेरी. ४००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग १५.२ मीटर प्रति सेकंद होतो, ४५०० ला १७ च्या वर. अमेरिकन जीपचं चार लिटर घ्या, योगायोगाने तेही ३९५६ सीसीच, पण त्याचा स्ट्रोक ८६.७, त्यामुळे तेवढाच वेग गाठायला त्याला ५३०० च्या आसपास जावं लागतं. म्हणून जीपच्या इंजिनवर लोक जे कॅम वगैरे करतात ते इथे उचलून आणू नका. जुन्या कास्ट पिस्टनवर मी ४००० च्या वर नेणार नाही, आणि मोठा कॅम त्याच्या वरच काम करायला लागतो, खालची ओढ मात्र खातो. ऑफरोडला तुम्हाला १२०० ते ३००० मधलंच इंजिन लागतं आणि ते या लांब स्ट्रोकमध्ये मुळातच आहे.

हेड घासायचं गणित बघा. एका सिलिंडरचे ६५९ सीसी. ब्युरेटने हेडमधला चेंबर मोजा, समजा कॉम्प्रेशन रेशो ७ निघाला तर वर ११० सीसी जागा आहे. रेशो ८ करायला ती ९४ वर आणावी लागेल, म्हणजे १६ सीसी कमी. १ मिमी घासलं तरी फार तर साडेपाच सीसी जातात, ७ चे जेमतेम ७.३ होतात, आणि पुशरॉड लांब पडून रॉकरचा कोन बिघडतो तो वेगळाच. सपाट करण्यापुरतं फेसिंग करा आणि थांबा. कॉम्प्रेशन हवंच असेल तर ते पिस्टनमधून येऊ द्या.

त्यापेक्षा क्रँकच्या पुढच्या पुलीकडे लक्ष द्या, मला या सगळ्या चर्चेत तिची सगळ्यात जास्त काळजी वाटते. सरळ सहाचं इंजिन वरखाली हलत नाही, पण लांब क्रँक पिळला जातो, आणि तो पीळ शोषायला पुलीत रबराचा डॅम्पर असतो. एवढ्या जुन्या इंजिनात ते रबर कडक झालेलं किंवा सुटलेलं असणारच. नवीन रबर बसवून घ्या, साधी लोखंडी पुली टर्न करून अजिबात लावू नका. कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन वजन करून एक-दोन ग्रॅमच्या आत आणा, सोनाराच्या काट्यावरसुद्धा होतं.

लालमाती_कळंबा

काका, पिंपरीकर, लय आभारी आहे, कॅम न् दोन कार्बचा विषय संपला माझ्याकडनं. आता दोन शंका. चढावर गाडी उभी राहिली की ऑइल प्रेशर पडतं म्हणतात ते कसं थांबवू? आणि आता पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतंय, एवढ्या जुन्या इंजिनाला चालंल का?

उद्यमनगरचा_फिटर

ऑइलचं पहिलं. सहा सिलिंडरचा ऑइल चेंबर (इंजिनाखालचा ऑइलचा डबा) लांब, त्यामुळं तीव्र चढावर सगळं ऑइल मागं पळतंय आणि पिकअप (पंपाला ऑइल ओढणारी नळी) उघडा पडतोय. चेंबर काढून आत आडव्या पत्र्याच्या भिंती वेल्ड करून घे, पिकअपच्या भोवती खोका आणि त्याला आत उघडणारी छोटी झडप, म्हणजे ऑइल आत येतंय पण बाहेर लगेच जात नाही. चेंबर एका बाजूला रुंद करून लिटर-दीड लिटर जास्त मावलं तर अजून बरं, फक्त पुढच्या ॲक्सलला वर येताना लागता कामा नये. पाईपवालं प्रेशर मीटर आणि मोठा लाल दिवा डॅशवर डोळ्यासमोर लाव. दर हजार आरपीएमला दहा पीएसआय एवढा अंदाज डोक्यात ठेव. हे सगळं दोन दिवसाचं पत्र्याचं काम आहे आणि हेच इंजिन वाचवतंय.

कार्बचं बी तसंच. फ्लोट चेंबरच्या हवेच्या भोकाला नळी लावून वर ने, म्हणजे चढावर पेट्रोल सांडणार नाही. फ्लोटची लेव्हल थोडी खाली ठेव.

पिंपरी_मेकॅनिकल

ई-२० बद्दल. इथेनॉल आपल्याच भागातल्या कारखान्यांतून जातं, पण जुन्या रबराला ते चालत नाही. पाईप, पंपाचा डायफ्रॅम, कार्बच्या गॅस्केट सगळं इथेनॉल चालणाऱ्या रबराचं घ्या. दुसरं, नुसत्या पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ लागतं, ई-२० ला साधारण १३.५, म्हणजे जुन्या जेटवर (कार्बमधलं पेट्रोलचं भोक) इंजिन लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालणार आणि तापणार. इंधन ७-८ टक्के वाढवायचं तर मेन जेटच्या भोकाचा व्यास साधारण ४ टक्के वाढतो, नंतर प्लगचा रंग बघून पक्कं करा. आणि दोन रेसच्या मध्ये टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नका, ते पाणी ओढतं आणि खाली थर बसतो.

हे इंजिन शिसं असलेल्या पेट्रोलच्या काळातलं आहे, देशात ते २००० साली बंद झालं. हेड खोललंच आहे तर एक्झॉस्टला कडक सीट बसवून घ्या, नाहीतर व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये खचत जातात आणि टॅपेट आपोआप घट्ट होत राहतात.

राधानगरी_फोरबायफोर

एक कागदाचं. इंजिन बदललं की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची मंजुरी लागते, त्यामुळे रेसची गाडी रस्त्यावरनं चालवत नेऊ नकोस, ट्रेलरवर ने. ट्रेलरचे पैसे आत्ताच बाजूला काढ.

उद्यमनगरचा_फिटर

आणि पोरा, इंजिन बांधून झालं की डिस्ट्रिब्युटर बसवायच्या आधी ऑइल पंप ड्रिलनं फिरवून प्रेशर वर आणता येतंय का बघ, वरच्या रॉकरपर्यंत ऑइल दिसलं पाहिजे. कॅम किंवा टॅपेट नवीन टाकलेस तर पहिल्या स्टार्टला आयडलवर सोडू नको, लगेच १५०० ते २५०० च्या मधी वरखाली करत वीसेक मिनिटं चालव, तेव्हाच कॅम न् टॅपेट एकमेकाला बसतात. ऑइल १५डब्ल्यू-४० डिझेलचं घाल, त्यात झिंक जास्त असतंय. पाण्याचं टेंपरेचर बघायला दुसरा माणूस शेजारी उभा कर, आणि थंड झाल्यावर हेड परत टाईट करून टॅपेट सेट कर. पहिलं ऑइल तासाभरात काढून टाक आणि फिल्टर कापून आत चकाकी किती दिसतीय ते बघ. ब्लॉक धुवायला आणशील तेव्हा आधी एक मेसेज टाक, बोअर गेज घेऊन येतो.