कॉकपिटमधला दिवा पेटायला पाहिजे की विझायला?

सांब्रेकर: काल इथं एकानं लिहिलंय, विमानात सगळं ठीक असलं की प्रत्येक बटणावर हिरवा दिवा पाहिजे, काळ्या बटणावर भरवसा कसा ठेवायचा म्हणून. डोकं फिरलं वाचून. एअरबस ए३२० मध्ये पायलटच्या डोक्यावरचं पॅनेल बघा की, सगळं सुरळीत असलं की बटणं गप्प. पंप बिघडला की केशरी 'फॉल्ट', कुणी बंद केला की पांढरं 'ऑफ'. पन्नास हिरव्यांत विझलेला एक रात्री दोनला कोण शोधणार? २००५ ला ग्रीसमध्ये हेलिओस एअरवेजचं बोइंग ७३७ विमान पडलं, १२१ माणसं गेली, केबिनमधल्या हवेच्या दाबाचा स्विच ऑटोऐवजी मॅन्युअलवरच राहिलेला आणि ते सांगणारा दिवा हिरवा! हिरवं दिसलं की माणूस पुढं जातंय.

उद्यमबागचा फिटर: ते मीच लिहिलंय. विझलेला दिवा म्हणजे सगळं ठीक का बल्ब गेलाय? मायामी, डिसेंबर १९७२, ईस्टर्न एअरलाइन्सची ४०१ नंबरची फ्लाइट. चाक खाली आलेलं, पण त्याच्या दिव्यातले दोन्ही बल्ब उडालेले. सगळे त्या दिव्यात डोकं घालून बसले आणि विमान हळूहळू उतरत दलदलीत गेलं. १०१ माणसं.

सांब्रेकर: हे तर माझ्याच बाजूचं झालं! हिरव्याची वाट बघत बसले म्हणूनच ना? आणि बल्ब बघायला टेस्ट स्विच असतोय, सगळे एकदम पेटतात.

खानापूरची लेक: रंगाचं बोलताय म्हणून सांगते. माझे मामा आधी सबस्टेशनला होते, तिथं लाल म्हणजे ब्रेकर, म्हणजे वीज तोडायचा मोठा स्विच, चालू, हिरवा म्हणजे बंद. मग एका कारखान्यात दाब देणाऱ्या प्रेस मशीनवर लागले, तिथं हिरवा म्हणजे मशीन चालू. हिरवा बघून त्यांनी हात आत घातला. उजवी दोन बोटं गेली. अजून भाकरी डाव्या हातानं मोडतात.

निपाणीकर: रंगाचं सोडा, पाट्यांचं बोला. मशीनवर इंग्रजी, भिंतीवर नुसतं कानडी, मराठी शाळेतनं आलेल्या पोरानं वाचायचं काय?

हुक्केरी रोड: झालं, इथं पण सीमाप्रश्न! माझ्या शॉपमध्ये निम्मे कानडी आहेत, ती काय माणसं नव्हेत? दोन्ही लिहा की.

निपाणीकर: दोन्ही लिहा, दोन्ही लिहा! १९५६ पासून आमच्या आजोबांनी हेच ऐकलं, मी पण तेच ऐकतोय. लिहितंय कोण?

हुक्केरी रोड: मग माझ्यावर कशाला ओरडताय? मी घरात मराठीच बोलतो.

खानापूरची लेक: भांडू नका. मामांच्या प्रेसवर पाटीच नव्हती, कुठल्याच भाषेतली. नुसता दिवा.

उद्यमबागचा फिटर: बरं सांब्रेकर, पंपांचं तुमचं धरतो. पण चाकांचं नाही. एअरबसनं पण चाकं खाली लॉक झाली की तीन हिरवे त्रिकोण ठेवलेतच, ते कशाला?

सांब्रेकर: उतरताना नजर तिथंच असते म्हणून. चाकांपुरतं हिरवं चालेल. तेवढंच.

उद्यमबागचा फिटर: ताई, त्या प्रेसवरचा दिवा बदलला काय मग?

खानापूरची लेक: नाही. हिरवाच आहे. आता तिथं दुसरं पोरगं उभं असतंय.