बी.एस.डब्ल्यू. प्रवेश: अर्जातील 'पात्रता प्रमाणपत्र' या रकान्यात काय जोडावे? (तातडीने मदत हवी आहे)

मलप्रभा
नमस्कार. माझी पुतणी मुंबईतील एका समाजकार्य महाविद्यालयात बी.एस.डब्ल्यू.च्या (समाजकार्यातील पदवी) प्रथम वर्षासाठी अर्ज भरत आहे. विद्यापीठाची प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणी झाली असून तिचा क्रमांकही मिळाला आहे. परंतु महाविद्यालयाच्या स्वतंत्र अर्जात 'पात्रता प्रमाणपत्र' असा एक रकाना आहे आणि तिथे कागद जोडल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. बारावीचे गुणपत्रक, दाखला, आधार, छायाचित्र हे सर्व जोडून झाले आहे. महाविद्यालयाचा दूरध्वनी कोणी उचलत नाही आणि मुदत परवा संध्याकाळी संपते. हे प्रमाणपत्र कोण देते आणि ते मिळेपर्यंत त्या जागी काय जोडावे, एवढेच सांगावे. 'समाजकार्य कशाला, दुसरे काही करा' असे सल्ले कृपया देऊ नयेत; तो विषय आमच्या घरात संपलेला आहे.

वाटसरू
बारावी कोणत्या मंडळाची? महाराष्ट्र राज्य मंडळाची असेल, तर हा रकाना तिच्यासाठी नाहीच. अर्जात आधीच्या पानावर मंडळ निवडताना 'इतर' हा पर्याय चुकून निवडला गेला असण्याची शक्यता आहे. मागे जाऊन पाहावे.

निवृत्त लिपिक
बारावी यंदाची आहे की मध्ये खंड आहे? शाखा कोणती? राखीव प्रवर्गातून अर्ज आहे का? इतकी माहिती दिल्याशिवाय कोणीही नेमके उत्तर देऊ शकणार नाही. मी अनेक वर्षे महाविद्यालयाच्या प्रवेश खिडकीवर बसलो आहे. अपुरा प्रश्न आणि अपुरा अर्ज, दोन्ही सारखेच परत येतात.

चाफा
मुंबईतच हट्ट का? टाटा समाजविज्ञान संस्थेच्या तुळजापूर परिसरात समाजकार्याची पदवी मिळते आणि ग्रामीण प्रश्नांचा जसा अभ्यास तिथे होतो तसा महानगरात बसून होत नाही. माझा मुलगा तिथेच शिकला. पुतणीने सी.यू.ई.टी. (विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा) दिली होती का? त्या परीक्षेचे गुण असतील, तर मी पुढचे सविस्तर लिहितो.

मलप्रभा
सी.यू.ई.टी. दिलेली नाही, त्यामुळे तुळजापूरचा विचार नाही. बारावी यंदाचीच, कला शाखा, ७८ टक्के. मंडळ म्हणजे आमच्याकडचे नेहमीचेच मंडळ. जातीचे प्रमाणपत्र ३ब चे आहे, तेही जोडले आहे. मूळ प्रश्न अजून तसाच आहे.

वाटसरू
'आमच्याकडचे नेहमीचे' म्हणजे कोणते? महाराष्ट्रात ३ब नावाचा प्रवर्गच नाही. तो कर्नाटकात आहे आणि तिथे मराठा समाज त्यात मोडतो. शिवाय आपण घेतलेले टोपणनाव ज्या नदीचे आहे ती खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते. तेव्हा पुतणी खानापूरकडची असून तिने पी.यू.सी. (कर्नाटकातील अकरावी-बारावी) केले आहे, असे मी समजू का?

मलप्रभा
होय, खानापूर तालुकाच. पी.यू.सी. द्वितीय वर्ष. मुलगी मराठी शाळेत शिकली, घरात मराठीच बोलली जाते, त्यामुळे हे वेगळे सांगावे असे वाटले नव्हते. आता तरी कोणी उत्तर देईल का?

निवृत्त लिपिक
आता उत्तर देता येते. महाराष्ट्र राज्य मंडळाखेरीज अन्य मंडळाची बारावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याची परीक्षा आपल्या पदवी प्रवेशासाठी समकक्ष आहे, असे विद्यापीठाला लेखी ठरवावे लागते. त्या लेखाला पात्रता प्रमाणपत्र म्हणतात. ते महाविद्यालय देत नाही, विद्यापीठाचा पात्रता विभाग देतो. आधी बहुधा तात्पुरते दिले जाते आणि मूळ कागदांची पडताळणी झाली की ते कायम होते. त्यासाठी सामान्यतः दहावीचे व बारावीचे गुणपत्रक, उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र, शेवटच्या महाविद्यालयाची टी.सी. (महाविद्यालय सोडल्याचा दाखला) आणि मंडळाचे स्थलांतर प्रमाणपत्र (मायग्रेशन सर्टिफिकेट) लागते. स्थलांतर प्रमाणपत्र कर्नाटकाच्या मंडळाकडून मिळते, पी.यू. महाविद्यालयाकडून नव्हे, तिथे केवळ टी.सी. मिळेल. दोन्ही एकच आहेत असे समजून लोक टी.सी. घेऊन मुंबईला येतात आणि ऐन कागदपत्र पडताळणीच्या दिवशी अडकतात.

मुदत परवाची असल्यामुळे खरे प्रमाणपत्र तोवर हाती पडणार नाही. अशा वेळी विद्यापीठाच्या पात्रता अर्जाची पोचपावती जोडावी. ती नसेल, तर 'पात्रता प्रमाणपत्र व स्थलांतर प्रमाणपत्र महाविद्यालय ठरवील त्या मुदतीत सादर करीन, न केल्यास प्रवेश रद्द होण्यास माझी हरकत नाही' अशा मजकुराचे हमीपत्र विद्यार्थिनीच्या आणि पालकाच्या सहीने जोडावे. त्याच दिवशी महाविद्यालयाला ई-मेलने तसे कळवावे आणि त्यात अर्ज क्रमांक लिहावा. दूरध्वनी उचलला नाही याचा पुरावा राहत नाही, ई-मेलचा राहतो.

सीमाभागातला
थांबा. खानापूर हा सीमावादातील ८६५ गावांच्या भागात येतो. महाराष्ट्राच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत सीमाभागातून दहावी-बारावी झालेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी 'ई' प्रकार आहे. त्यामुळे ही मुलगी परराज्यातील ठरतच नाही आणि तिला पात्रता प्रमाणपत्राचा जाच लावणे अन्यायाचे आहे. मी स्वतः त्याच प्रकारातून अभियांत्रिकीला प्रवेश घेतला आहे. आपण हमीपत्र वगैरे काही न देता थेट 'ई' प्रकाराचा आग्रह धरावा.

निवृत्त लिपिक
आपण दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करत आहात. 'ई' प्रकार हा जागा कोणत्या कोट्यातून मिळणार याविषयी आहे, तर पात्रता प्रमाणपत्र हे परीक्षा समकक्ष आहे की नाही याविषयी आहे. आपण अभियांत्रिकीला गेलात तेव्हा आपली कागदपत्रेही महाविद्यालयाने विद्यापीठाकडे पाठवलीच असतील. ते काम आपल्या नकळत झाले इतकेच. दुसरे असे की प्रश्नकर्त्यांनी सांगितल्याप्रमाणे इथे महाविद्यालयाचा स्वतःचा अर्ज आहे, केंद्रीभूत प्रक्रिया नाही. आग्रह धरायला त्या अर्जात 'ई' नावाचा रकाना तरी हवा.

सीमाभागातला
रकाना नसेल, तर तो असायला हवा. साठ-पासष्ट वर्षे आम्ही महाराष्ट्रात येण्याची वाट पाहत आहोत आणि प्रवेशाच्या वेळी मात्र परके ठरतो, हे बोलून दाखवणे गल्लत नाही. तरीही मलप्रभा यांना सुचवतो की सीमाभागातील रहिवासाचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला काढून ठेवावा. आज उपयोग झाला नाही, तरी शिष्यवृत्ती, वसतिगृह किंवा पुढचा प्रवेश यांसाठी तो हाती असणे चांगले.

वाटसरू
३ब चे प्रमाणपत्र मात्र अर्जातून काढून टाकावे. दुसऱ्या राज्याच्या जातप्रमाणपत्रावर महाराष्ट्रातील आरक्षणाचा लाभ मिळत नाही. प्रवर्गाच्या रकान्यात 'खुला' हाच पर्याय निवडावा, नाहीतर पडताळणीत 'प्रवर्ग सिद्ध झाला नाही' या शेऱ्याने संपूर्ण अर्जच बाजूला पडू शकतो. महाराष्ट्राने २०२४ मध्ये मराठा समाजाला दिलेले १० टक्के आरक्षणही इथे लागू करून घेता येणार नाही.

रानवारा
मराठा आरक्षणाचा विषय निघालाच आहे, तर सांगतो की कुणबी नोंद सापडल्यास हा सगळा प्रश्नच मिटतो. जुन्या महसुली नोंदी...

संपादक
कुणबी नोंदींविषयी स्वतंत्र धागा आहे. इथे प्रवेशाविषयीच लिहावे.

उत्तर कर्नाटक
मला एक कळत नाही. बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या क्षेत्रातही बी.एस.डब्ल्यू. शिकवले जाते. तिथे ना पात्रता प्रमाणपत्र, ना स्थलांतर, ना मुंबईचे भाडे. ३ब चा लाभही मिळेल. शिवाय कर्नाटकाने चार वर्षांची रचना मागे घेऊन २०२४-२५ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची केली आहे. मुलीला पुढे ज्या गावांत काम करायचे आहे त्या गावांची शासकीय भाषा कन्नड आहे, तेव्हा क्षेत्रकार्यही (अभ्यासक्रमातील वस्तीत किंवा संस्थेत जाऊन करायचे काम) तिथेच झालेले बरे.

चाफा
महाराष्ट्रातही तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते. चौथे वर्ष ऑनर्ससाठी आहे आणि ते पूर्ण केल्यास पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात होण्याची सोय नव्या रचनेत आहे. त्यामुळे 'चार वर्षे' हा बागुलबुवा उभा करू नये. बाकी तुळजापूरविषयी मी लिहिले होते, ते कोणी वाचलेले दिसत नाही.

मलप्रभा
वाचले. सी.यू.ई.टी. दिलेली नाही, हेही लिहिले आहे. बेळगावचा पर्याय आम्हाला ठाऊक आहे. मुलीची मावशी मुंबईत राहते, त्यामुळे राहण्याचा प्रश्न नाही, आणि मुलीला मुंबईलाच जायचे आहे.

हमीपत्र जोडल्यावर पुढचे पान उघडले, त्याबद्दल निवृत्त लिपिक यांचे आभार. ३ब काढून 'खुला' केले. आता पुढच्या पानावर 'आपण समाजकार्य हे क्षेत्र का निवडले' यावर ३०० शब्दांचे मनोगत मागितले आहे आणि त्यानंतर मुलाखत आहे. मुलीने 'लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे, गोरगरिबांचे अश्रू पुसायचे आहेत' असे लिहिले आहे. ते चालेल का?

क्षेत्रकार्य
चालणार नाही. मी समाजकार्याच्या विद्यार्थ्यांच्या क्षेत्रकार्याचे मार्गदर्शन करते आणि प्रवेशाच्या मुलाखतींनाही बसते. 'लहानपणापासून आवड' हे वाक्य अर्जांच्या गठ्ठ्यात इतक्या वेळा येते की वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरून पुढे जाते. अश्रू पुसण्याविषयी तर मुलाखतीत हमखास पुढचा प्रश्न येतो, की अश्रू पुसल्यावर त्या बाईचे रेशनकार्ड कोण करून देणार, आणि ते तिने स्वतः करून घ्यावे यासाठी तुम्ही काय कराल. दानधर्म आणि व्यावसायिक समाजकार्य यांतला फरक विद्यार्थ्याला निदान अंधुकसा तरी जाणवला आहे का, एवढेच तिथे तपासायचे असते. व्यक्ती, गट आणि समुदाय या तिन्ही पातळ्यांवर काम करण्याच्या पद्धती वर्गात शिकवल्या जातात. त्या आधीच पाठ असाव्यात अशी कोणाचीही अपेक्षा नसते.

मुलगी खानापूर तालुक्यातली आहे, हे तिचे भांडवल आहे आणि नेमके तेच तिने लिहिलेले नाही. जंगलाच्या कडेची गावे, पावसाळ्यात तुटणारा संपर्क, बारावीसाठी रोज करावा लागणारा प्रवास, घरी मराठी आणि कचेरीत कन्नड यांमुळे म्हाताऱ्या माणसांची होणारी अडचण: यांतील जे तिने स्वतः पाहिले असेल असे एकच उदाहरण घ्यावे, कोणाचे काय अडले ते नेमकेपणाने सांगावे आणि त्यातून तिला कोणता प्रश्न पडला ते लिहावे. बेळगाव जिल्ह्यात यल्लम्माचे सौंदत्ती आहे, १९८२ चा देवदासी प्रथाविरोधी कर्नाटकचा कायदा आहे, म्हणून तिने देवदासींवर लिहावे असे मी म्हणणार नाही. जे पाहिलेले नाही ते लिहिले, तर मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडे पडते. मनोगत तिनेच लिहावे, काकांनी नव्हे. मोठ्यांनी लिहिलेले मनोगत पहिल्या परिच्छेदातच ओळखू येते.

आणखी एक विचारते: अर्ज कोणत्या भाषेत आहे? मुंबईतील अनेक ठिकाणी अध्यापन प्रामुख्याने इंग्रजीतून होते, तर वस्तीतले क्षेत्रकार्य हिंदी-मराठीत. आठवड्यातले साधारण दोन दिवस संस्थेत किंवा वस्तीत जावे लागते आणि प्रत्येक दिवसाचा अहवाल लिहावा लागतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना काम जमते, अहवाल लिहिताना मात्र पहिले सत्र जड जाते. त्याची कल्पना घरच्यांना असावी.

मलप्रभा
अर्ज इंग्रजीत आहे. मनोगत मराठीत लिहिले तर चालते, असे खाली बारीक अक्षरांत आहे.

क्षेत्रकार्य
मग मराठीतच लिहावे. जोडून आणलेल्या इंग्रजीपेक्षा स्वच्छ मराठी कधीही बरी.

आडवळण
माझ्या मते पदवीचीच गरज नाही. बाबा आमट्यांनी आनंदवन उभे केले तेव्हा त्यांच्याकडे समाजकार्याची पदवी नव्हती, ते वकील होते. गडचिरोलीच्या 'सर्च' या संस्थेतून २००६ पासून तरुणांसाठी 'निर्माण' हा उपक्रम चालतो, तिथे कोणत्याही शाखेची मुले येतात. आधी कोणतीही पदवी घ्यावी, मग एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) करावे, त्याला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. आणि शेवटी समाजकार्य परिषदेची नोंदणी झाल्याशिवाय काम करता येत नाही, तेव्हा बी.एस.डब्ल्यू.ला अर्थ उरत नाही.

वाटसरू
पदवीची गरज नाही आणि नोंदणीशिवाय काम करता येत नाही, ही दोन्ही विधाने एकाच प्रतिसादात कशी बसतात? वकिलांची किंवा डॉक्टरांची असते तशी सर्व समाजकार्यकर्त्यांना बंधनकारक असलेली परिषद भारतात नाही.

क्षेत्रकार्य
वाटसरू यांच्या म्हणण्याला एक पुरवणी जोडते. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ मध्ये केंद्राचा जो कायदा झाला, त्यात वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातील समाजकार्यकर्त्यांचा समावेश आहे. रुग्णालयात काम करू इच्छिणाऱ्यांनी तो पाहावा. परंतु तशा पदांसाठी सहसा एम.एस.डब्ल्यू. मागितले जाते आणि या मुलीला अजून प्रथम वर्षाचा प्रवेश मिळायचा आहे.

सीमाभागातला
रहिवासाचा दाखला काढायला सुरुवात केली का?

मलप्रभा
उद्या तहसील कार्यालयात जाणार आहे. दरम्यान महाविद्यालयाकडून ई-मेलला उत्तर आले: हमीपत्र तात्पुरते ग्राह्य धरले आहे, विद्यापीठाकडे पात्रतेचा अर्ज प्रवेश निश्चित झाल्यावर महाविद्यालयामार्फत करायचा आहे आणि स्थलांतर प्रमाणपत्राची मूळ प्रत त्या वेळी लागेल. मनोगत पुतणीने नव्याने लिहिले. तिच्या आजीला निवृत्तिवेतनाच्या कन्नड अर्जावर अंगठा उमटवायचा होता आणि त्यात काय लिहिले आहे ते कोणीच वाचून दाखवत नव्हते, त्याविषयी आहे. मला दाखवले, पण हात लावू दिला नाही. अर्ज सादर झाला.

निवृत्त लिपिक
सादर केलेल्या अर्जाची मुद्रित प्रत आणि शुल्काची पावती मुलाखतीला न्यावी. स्थलांतर प्रमाणपत्राचा अर्ज मात्र आजच करावा, प्रवेश निश्चित होण्याची वाट पाहू नये.

नवी सदस्या
माझ्या भावाची बारावी महाराष्ट्र मंडळाचीच आहे, पण त्याच्याही अर्जात हाच रकाना येत आहे. काय करावे?

वाटसरू
कोणत्या विद्यापीठाचा अर्ज, आणि मंडळ निवडताना कोणता पर्याय घेतला?