‘इंटरप्ट’ला ‘व्यत्यय’ म्हणायचं का?

कर्नलवरच्या (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) एका टिपणाचा अनुवाद करतोय. ‘इंटरप्ट’ला ‘व्यत्यय’ घातलं, पण डोळ्यांसमोर दूरदर्शनची ती पाटीच येते. इथे बिघडलेलं काहीच नसतं. कळ दाबली की प्रोसेसरने हातातलं काम ठेवून तिकडे बघायचं, एवढंच. शिवाय ‘इंटरप्ट सोर्स ओव्हरराइड’ला, म्हणजे इंटरप्टचा नंबर बदलल्याच्या नोंदीला, काय म्हणू?

— ‘हाक’ म्हणा. उत्तराचा शब्द आयताच मिळतो: ओ देणे. एका तारेवर दोन-तीन उपकरणं असली की लिनक्स कर्नल प्रत्येक ड्रायव्हरला (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) विचारतं, ही हाक तुझी का? एक लाख हाकांत ९९,९०० हून जास्त वेळा कोणीच ओ दिली नाही, तर ‘नोबडी केअर्ड’ असं नोंदवून ती तारच बंद करतं. ‘कोणी ओ दिली नाही’ हे मला मुळापेक्षा नेमकं वाटतं.

— छान आहे, पण ऑफिसात कोण ‘हाक’ म्हणणार? आम्ही इंटरप्टच म्हणतो. आणि मास्क केलेली, म्हणजे तात्पुरती अडवलेली, हाक काय म्हणायची, दाबलेली?

— दाबलेली नको, प्रकरण दाबल्यासारखं वाटतं. ‘थोपवलेली’. तार तोवर तशीच उचललेली असेल, तर मास्क काढल्यावर हाक पोचते.

— ओव्हरराइडला माझा शब्द ‘फेरफार’, तलाठ्याकडचा. १९८१च्या आयबीएम पीसीपासून वहिवाट ठरलेली आहे: आयआरक्यू (हाकेच्या तारेचा नंबर) ० टायमरचा, १ कीबोर्डचा. १९८४च्या पीसी-एटीत दुसरी ८२५९ चिप (हाका गोळा करणारी) २ नंबरच्या तारेवर जोडली, म्हणून २ वर बसणारी जुनी कार्डं ९ वर सरकली. (सोयीसाठी केलेली तडजोड, आजतागायत निस्तरतोय.) पुढे आयओ-एपिक (त्याच कामाची नवी चिप) आलं आणि टायमरची तार बऱ्याच मशीनवर पिन २ ला गेली. फर्मवेअर (मशीनमधलं मुळातलं सॉफ्टवेअर) एसीपीआयच्या तक्त्यात, म्हणजे कर्नलसाठी ठेवलेल्या हार्डवेअरच्या माहितीत, तशी नोंद ठेवतं: बसवरचा (वहिवाटीचा) ०, ग्लोबल (खरा) २. कर्नलने ती वाचली नाही, तर तो ० वर कान लावून बसणार आणि टिकटिक २ वर. सातबाऱ्यावर नाव एकाचं, कसणारा दुसराच. दोघांना जोडतो तो फेरफार.

— पटलं! आत्ताच माझ्या लॅपटॉपवर ‘/प्रोक/इंटरप्ट्स’ (लिनक्समधली हाकांची यादी) उघडून बघितलं. टायमरच्या ओळीत डावीकडे ०, उजवीकडे ‘आयओ-एपिक २-एज’. वहिवाटीचा नंबर आणि खरी पिन एकाच ओळीत.

— ‘फेरफार’ घेतला. ‘हाक’ पहिल्यांदा येईल तिथे शेजारी ‘इंटरप्ट’ लिहीन, ऑफिसवाल्यांसाठी.