'मीपणा सोडा' म्हणणाऱ्या काकांना

विश्रामबागची आई
काल इथं एका काकांनी लिहिलं, की मूल पूर्ण अपंग असताना आईबापांनी वेगळं व्हायचा विचार करणं हेच पाप. दोघांनी 'मीपणा' सोडला की संसार आपोआप रुळावर येतो म्हणे. रात्री अडीचला लेकाची कूस बदलायला उठले तेव्हा वाचलं. झोप उडाली ती उडालीच.

मुलगा 12 वर्षांचा. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा होऊन अंगावर ताबा नाही. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर 90 टक्के. मान धरत नाही, बोलत नाही. वाटीभर गुरगुट्या भात भरवायला पाऊण तास. वजन 27 किलो. सकाळी अंघोळीच्या खुर्चीत ठेवताना मी खांद्याखाली हात घालते, हे पाय धरतात. "एक, दोन, हां." नवराबायको म्हणून दिवसभरात आमचं बोलणं एवढंच. बाकी डायपर संपले, फिटचं औषध आणा. तर काका, मीपणा सोडला म्हणून आम्ही एकत्र नाही. 27 किलो एकट्याला उचलत नाहीत म्हणून आहोत. वेगळं व्हायचं माझ्या मनात येऊन गेलंय. यांच्याही आलं असेल, विचारायला सवड झाली नाही.

वाईचे मास्तर
ताई, ते लिहिणारा मीच. तुमच्या कष्टांबद्दल आदर आहेच, पण मुद्दा बदलू नका. 31 वर्षं शाळेत काढली. आईबाप वेगळे झाले की चालतीबोलती पोरं कोमेजतात, तिथं या लेकरानं कुणाकडं बघायचं? आमच्या पिढीत समुपदेशक नव्हते, तरी संसार झाले.

कऱ्हाडची तिरकी
झाले ना. आमच्या आत्याचाही झाला. मुलगी अंथरुणावर, मालक पुण्याला. महिन्याला मनीऑर्डर आणि गणपतीला दर्शन. आत्यानं 19 वर्षं एकटीनं उचलठेव केली, कंबर कामातून गेली. घटस्फोट मात्र नाही हां, मास्तर. तुमच्या वहीत हा संसार पास.

बागवाला, तासगाव
असा धागा निघाला की बाप पळपुटा हे ठरलेलंच. माझी पोरगी 9 वर्षांची, अशीच आहे. द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी झाली की मला मरायला सवड नसते. पाऊस पडला की डावणीची, म्हणजे वेलीवरच्या बुरशीची धास्ती, पहाटे चारला ट्रॅक्टर काढून फवारणी. घरी आलो की बायको म्हणते, "तुमचं बरंय, तुम्हाला बाहेर पडायला मिळतं." मी काय हरिपूरच्या संगमावर हवा खायला जातो? थेरपीचा पैसा त्याच घडांतनं येतो. निराधार योजनेला उत्पन्नाची अट वर्षाला 50 हजार, म्हणजे आम्ही बाहेरच.
आता खरं सांगतो. कधी कधी काम नसलं तरी बागेतल्या शेडवर झोपतो. तिथं कुणी कण्हत नाही.

विश्रामबागची आई
लिहिलंत ते बरं केलंत, भाऊ. आमचे हे गॅरेजचं शटर अर्धं ओढून आत बसतात. पण तुमच्या बायकोला शेड कुठाय?

बागवाला, तासगाव
नाही. मान्य.

स्पष्टवक्ता सांगलीकर
अवांतर वाटेल, पण कुणीतरी विचारायला हवंच. नात्यातलं लग्न का? आपल्याकडं मामाची पोरगी करायची हौस भारी. करा, मग भोगा.

बागवाला, तासगाव
तोंड सांभाळा. बायको माझ्या मामाचीच मुलगी आहे. पोरगी जन्मली तेव्हा रडली नाही. रात्रीची वेळ, डॉक्टर घरी, नर्स एकटी. त्यात मामा कुठनं आला?

कऱ्हाडची तिरकी
माझे आईवडील आतेमामे भावंडं. आम्ही चौघं ठणठणीत. झाला निकाल.

मिरजेची सिस्टर
असा निकाल लागत नसतो हो. नात्यातल्या लग्नात काही आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो, ते खोटं नाही. पण सेरेब्रल पाल्सी म्हणजे पोटात असताना, जन्मताना किंवा नंतर लवकरच मेंदूला झालेली इजा. कमी दिवसांचं बाळ, प्राणवायू न पोचणं, कावीळ मेंदूत जाणं, अशी बरीच कारणं असतात. कुणाचं कशानं झालं ते इथं बसून सांगू नका.

स्पष्टवक्ता सांगलीकर
बरं, पाल्सीपुरतं मागं घेतो. मामाची मुलगी करू नये, हे घेत नाही.

बागवाला, तासगाव
नका घेऊ. तुम्हाला कुणी दिली नसंल.

वाईचे मास्तर
पातळी सोडू नका. शिवाय आत्याची मुलगी आपल्यात करत नाहीत, मामाचीच करतात, त्यामागे...

विश्रामबागची आई
मास्तर, पुरे. आमचं लग्न नात्यातलं नाही, तरी सासूबाई पाच वर्षं खोट शोधत होत्या. आधी माझं माहेर, मग पत्रिका, मग गरोदरपणी मी पाहिलेलं ग्रहण. हे गप्प बसून ऐकायचे. आमचं बिनसलं ते तिथं, लेकामुळं नाही.

2019 च्या पुरात आम्ही सांगलीच्या जुन्या गावभागात होतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांवर गेलं. लेक सहाचा. माझ्या साडीनं यांनी त्याला छातीशी बांधला आणि बोटीत बसले. त्याला झटका आला, तरी हे हलले नाहीत, नुसता त्याचा जबडा धरून ठेवला. तेव्हा वाटलं, मिटलं सगळं. पूर ओसरला, घर विश्रामबागला आणलं, भांडण मात्र गावभागातलंच सोबत आलं.

कऱ्हाडची तिरकी
सरकारही मास्तरांच्याच शाळेतलं. राज्याची 2018 ची बालसंगोपन रजा बघा. सरकारी नोकरीतल्या बाईला 180 दिवस. पुरुषाला कधी? बायको वारली किंवा असाध्य आजारानं अंथरुणाला खिळली तरच. म्हणजे बापाला घरी आणायचं तर आईनं आधी आडवं व्हायचं.

वाईचे मास्तर
तो शासननिर्णय मी शाळेत वाचून दाखवलाय, तेव्हा खटकला नव्हता. ठीक. 'मीपणा' शब्द मागे घेतो. वेगळं होऊ नये, हे मत कायम.

कऱ्हाडची तिरकी
उपकार झाले.

बागवाला, तासगाव
ताई, अंघोळीची खुर्ची कुठनं घेतली? आमच्या प्लास्टिकच्या खुर्चीतनं पोरगी घसरते.

विश्रामबागची आई
विकतची नाही. यांनीच गॅरेजमध्ये केली. लोखंडी पाइप, पाठीला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या विणल्यात, त्यामुळं पाणी निथळतं आणि अंगाला रुतत नाही. माप मला ठाऊक नाही. शटर अर्धं उघडंच आहे, विचारून येते.